बँक बुडाली की बुडवली?

‘चालकाचे वाहनावरील नियंत्रण सुटल्याने झालेल्या अपघातात तिघे ठार.’ हे वाक्य कोणत्या बातमीतलं असं विचारू नका. महाराष्ट्रातल्या कुठल्याही महामार्गावर, कुठल्याही दिवशी ते खपून जाईल. शाळेत करायचो तसा त्याचा कर्ता शोधून बघा. चालक इथे काहीच करत नाही. जे करतं ते ‘नियंत्रण’ करतं, आणि तेही काय, तर दावं तोडून गाय सुटावी तसं आपलं आपण सुटतं. चालक किती तास जागा होता, गाडी पहाटेपर्यंत पोचलीच पाहिजे असं त्याला कोणी बजावलं होतं, वळणावर कठडा का नव्हता, यातलं काहीही त्या वाक्यात शिरू शकत नाही. बातमीदार खोटं बोलत नाही बरं का. पोलीस ठाण्यातली भाषा पान लावायच्या घाईत जशीच्या तशी छापली जाते, इतकंच.

‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २००१ साली ‘अ‍ॅक्सिडेंट’ हा शब्दच आपल्या पानांतून हद्दपार करायचं ठरवलं, ते याच वैतागातून. बहुतेक इजांचा आधी अंदाज बांधता येतो आणि त्या टाळताही येतात. मग त्या दैवाने घडल्यासारखं का लिहायचं, असा त्यांचा मुद्दा होता.

मराठीत ही पळवाट क्रियापदातच बांधलेली आहे. फुटणे आणि फोडणे, जळणे आणि जाळणे, पडणे आणि पाडणे, बुडणे आणि बुडवणे. जोडीतलं पहिलं क्रियापद उचललं की करणारा वाक्याबाहेर. २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि खातेदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढायची मुभा मिळाली, तेव्हा जो तो ‘बँक बुडाली’ म्हणत होता. पोलिसांकडे गेलेल्या तक्रारीत मात्र असं होतं की एका बांधकाम समूहाची ४४ कर्जखाती लपवायला २१,०४९ बनावट खाती दाखवली गेली. एकवीस हजार खाती आपोआप उघडत नाहीत. त्यामागे बुडवणारे हात असतात आणि ‘बुडाली’मध्ये त्यांना जागा नसते.

यात किती फरक पडतो हे मोजून पाहिलेलं आहे. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. २००४ साली अमेरिकी फुटबॉलच्या ‘सुपर बोल’ या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात गायक जस्टिन टिंबरलेकच्या हाताने जॅनेट जॅक्सनचा पोशाख फाटला होता आणि अमेरिकाभर गदारोळ झाला होता. अभ्यासात काहींना वाचायला दिलं, ‘त्याने पोशाख फाडला’. काहींना दिलं, ‘पोशाख फाटला’. बाकी मजकूर सारखा. मग विचारलं, दंड किती करावा? ‘फाडला’ वाचणाऱ्यांनी ५३ टक्के जास्त दंड सुचवला. त्या प्रसंगाची चित्रफीत दाखवली तरी फरक टिकला. म्हणजे डोळ्यांनी बघूनही माणसं वाक्याच्याच कलाने गेली.

शब्द तर आठवणीतही ढवळाढवळ करतात. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग यासाठीच प्रसिद्ध आहे. मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवून विद्यार्थ्यांना वेग विचारला. ‘गाड्या एकमेकींवर धाडकन आदळल्या तेव्हा’ अशा अर्थाचं क्रियापद वापरलं की सरासरी अंदाज ताशी ४० मैलांच्या वर जायचा. ‘एकमेकींना टेकल्या’ म्हटलं की ३२ मैलांच्या आसपास. दुसऱ्या फेरीत आठवड्याने विचारलं, काच फुटलेली दिसली का? फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. पण ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण ‘हो’ म्हणाले, आणि साधं ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० पैकी ७.

मराठीत याखेरीज एक मधला घाट आहे: ‘माझ्या हातून कप फुटला.’ करणारा हजर, पण दोष हाताचा. ‘आमच्याकडून त्रुटी राहून गेल्या’ म्हणणारे कंपन्यांचे प्रवक्ते आणि मंत्री याच घाटावर उतरतात.

आता एक खरा कागद जवळून बघू. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहिलं. त्याआधी काही महिन्यांपूर्वी कंपनीला चांगल्या कारभारासाठी ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार मिळाला होता. पत्र आकडे फुगवल्याच्या कबुलीचं आहे, म्हणजे इथे लपवायला फारसं काही उरलेलं नाही. तरीही त्याची वाक्यरचना बघण्यासारखी आहे. सुरुवातीला खेद आणि सदसद्विवेकावरच्या ओझ्याबद्दल बोलताना ‘मी’ आहे. मग मुद्दा येतो आणि ‘मी’ नाहीसा होतो. ३० सप्टेंबर २००८ चा ताळेबंद ५,०४० कोटी रुपयांची फुगवलेली, अस्तित्वातच नसलेली रोकड आणि बँक शिल्लक ‘बाळगतो’, असं पत्र सांगतं. वाक्याचा कर्ता कोण? ताळेबंद. ती शिल्लक ताळेबंदाच्या अंगावर जणू पुरळ उठावं तशी उठली आहे.

पुढे आणखी मजा आहे. पत्राची नायिका म्हणजे एक ‘तफावत’. खरा नफा आणि वह्यांतला नफा यांत सुरुवातीला ‘किरकोळ’ तफावत होती; ती वर्षागणिक ‘वाढत गेली’; कंपनी मोठी झाली तशी ती आवाक्याबाहेर ‘गेली’; ती मिटवायचा प्रत्येक प्रयत्न ‘फसला’. तफावत जन्मते, वाढते, हाताबाहेर जाते. एखाद्या उनाड पोराची हकिकत वाचतोय असं वाटतं. तफावत दर तिमाहीला कोणीतरी वहीत लिहिल्याशिवाय वाढत नाही, हे त्यात कुठेच नाही. आणि मग ते सुप्रसिद्ध वाक्य: वाघावर बसल्यासारखी अवस्था होती, त्याच्या तोंडी न पडता उतरायचं कसं हे उमगत नव्हतं. बसला कोण, याला पुन्हा बगल.

‘मी’ परत येतो तो हात झटकताना. मी किंवा व्यवस्थापकीय संचालकांनी कंपनीतून एक पैसाही घेतला नाही, फुगवलेल्या आकड्यांचा आर्थिक फायदा आम्हाला झाला नाही, असं पत्र ठामपणे सांगतं. इथे कर्ता आहे, क्रियापद आहे, सगळं जागच्या जागी. शेवटी कायद्यापुढे हजर व्हायलाही ‘मी’ तयार आहे. थोडक्यात, पश्चात्ताप माझा, सचोटी माझी, आणि घोटाळा तफावतीचा. हैदराबादच्या विशेष न्यायालयाला कर्ता सापडला. त्याने एप्रिल २०१५ मध्ये राजूंना सात वर्षांची शिक्षा सुनावली. पुढे अपिलात ती स्थगित झाली.

पण कर्ता नाही म्हणजे लबाडी आहेच, असं धरून चाललो तर महाराष्ट्र शासनाचं एकही परिपत्रक निर्दोष सुटणार नाही. ‘कळविण्यात येते की’, ‘सदर बाब निदर्शनास आली आहे’, ‘कार्यवाही करण्यात येत आहे’ ही कचेरीची बोलीभाषाच आहे. तिथला सज्जन कारकूनही तसंच लिहितो. बातमीदारालाही आग कोणी लावली हे ठाऊक नसेल तर ‘आग लागली’ हेच प्रामाणिक वाक्य. म्हणून सुटा शब्द पकडून उपयोग नाही. बघायचं ते हे, की तोच माणूस, तेच वर्तमानपत्र, एका ठिकाणी कर्ता लिहितं आणि दुसऱ्या ठिकाणी गिळतं का. राजूंचं पत्र बोलकं आहे ते एकाच कागदावर दोन्ही सापडतात म्हणून.

हीच तुलना मोठ्या प्रमाणावर केली ती स्टॅनफर्डच्या डेव्हिड लार्कर आणि अनास्तासिया झाकोल्युकिना यांनी. कंपन्यांचे प्रमुख दर तिमाहीला विश्लेषकांशी फोनवर बोलतात, प्रश्नांना उत्तरं देतात. २००३ ते २००७ मधल्या अशा हजारो संभाषणांच्या नोंदी त्यांनी घेतल्या. ज्या कंपन्यांना पुढे आपले आकडे गंभीरपणे दुरुस्त करावे लागले, त्यांचं त्या तिमाहीतलं बोलणं एका बाजूला, इतरांचं दुसऱ्या बाजूला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असं दिसलं की आकडे खोटे निघालेल्या कंपन्यांचे मुख्याधिकारी ‘मी’ कमी म्हणतात आणि भलतंच भारी विशेषण जास्त वापरतात. ‘चांगली’ तिमाही त्यांच्या तोंडी ‘अफलातून’ होते. चिंतेचे शब्द त्यांच्याकडे कमी. ‘तुम्हाला तर माहीतच आहे’ या थाटाची वाक्यं मात्र जास्त. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात खरा वाटतो: ज्याच्याकडे दाखवायला पुरावा नाही तो समोरच्याच्याच माहितीवर भार टाकतो.

यावरून घरी बसून लबाड ओळखायला लागू नये. या पद्धतीची कामगिरी नुसत्या अंदाजापेक्षा ६ ते १६ टक्क्यांनीच सरस होती. अर्थात आपण माणसं त्याहून वाईट आहोत. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ साली २४ हजारांहून अधिक लोकांवर झालेले अभ्यास एकत्र केले, तेव्हा खरं-खोटं ओळखण्याची सरासरी निघाली ५४ टक्के. नाणं उडवलं तर ५०.

यंत्रंही फसतात. टिम लॉफ्रन आणि बिल मॅकडोनाल्ड यांनी २०११ साली दाखवलं की मानसशास्त्रातली नकारात्मक शब्दांची तयार यादी कंपन्यांच्या वार्षिक अहवालांना लावली, तर ‘नकारात्मक’ ठरलेल्यांपैकी जवळजवळ तीनचतुर्थांश नोंदी मुळात नकारात्मक नसतात. कर, खर्च, दायित्व हे तर हिशेबाचे रोजचे शब्द. इतकंच काय, ‘व्हाइस प्रेसिडेंट’मधला ‘व्हाइस’ म्हणजे दुर्गुण असं यंत्राने धरलेलं! म्हणून त्यांनी अर्थव्यवहारासाठी वेगळी यादी केली. ती पुढे फार गाजली, तिच्याकडे परत येऊच.

वर्तमानपत्रांच्या बाबतीत तुलनेची पद्धत किती बोचरी ठरू शकते, ते हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी २०१० साली दाखवलं. विषय होता ‘वॉटरबोर्डिंग’. माणसाला आडवं बांधायचं, तोंडावर कापड टाकायचं आणि आपण बुडून मरतोय असं त्याला वाटेपर्यंत पाणी ओतायचं, ही ती रीत. १९३० च्या दशकापासून पुढे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या विषयावरच्या ५४ पैकी ४४ लेखांत तिला छळ म्हटलं होतं किंवा तसं सुचवलं होतं. मग अमेरिकेची गुप्तहेर यंत्रणाच हे करते असं उघड झालं. २००२ ते २००८ या काळात त्याच वर्तमानपत्राच्या १४३ पैकी फक्त २ लेखांत ‘छळ’ आला. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मध्ये आधी २७ पैकी २६, नंतर ६३ पैकी ३. पाणी तेच, कापड तेच. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चं म्हणणं होतं, सरकार हा छळ नाही म्हणत असताना तो शब्द वापरणं म्हणजे वादात बाजू घेणं. मला हे पटत नाही. चाळीसहून अधिक वेळा वापरलेला शब्द ऐन वेळी खाली ठेवणं हीही बाजू घेणंच झालं. ऑगस्ट २०१४ मध्ये त्याचे तेव्हाचे संपादक डीन बॅके यांनी यापुढे ‘छळ’ असंच लिहू असं जाहीर केलं.

आपल्याकडे ‘जमाव पांगवण्यासाठी सौम्य लाठीमार करण्यात आला’ हे वाक्य आहेच. सौम्य हे विशेषण लाठी मारणाऱ्याच्या बाजूचं, कारण ज्याच्या पाठीवर वळ उठतात त्याला कोणी विचारलेलं नसतं. आणि ‘करण्यात आला’मुळे मारणाराही गायब! असाच हिशेब एखाद्याने मराठी दैनिकांच्या जुन्या फायली काढून करावा: लाठी कोणावर पडली की ती सौम्य होते आणि कोणावर पडली की ‘बेछूट’?

हे सगळं मालकांच्या इशाऱ्यावर चालतं, असं आपण सहज म्हणतो. मॅथ्यू जेंट्झको आणि जेसी शपिरो या अर्थशास्त्रज्ञांनी ते तपासलं. अमेरिकी संसदेतल्या २००५ मधल्या भाषणांतून त्यांनी दोन्ही पक्षांचे लाडके शब्दप्रयोग वेगळे काढले. वारशावरच्या कराला रिपब्लिकन ‘मृत्यू-कर’ म्हणत, तर डेमोक्रॅट ‘मालमत्ता-कर’. मग चारशेहून अधिक दैनिकांत कोणाची भाषा किती येते ते मोजलं. २०१० साली छापून आलेलं उत्तर असं की वर्तमानपत्राचा कल ठरतो तो मुख्यतः त्याच्या वाचकांच्या कलावरून. मालक कोण याने फारसा फरक पडत नाही. ग्राहक मागतो ते दुकानदार ठेवतो. वाचक म्हणून हे ऐकायला बरं वाटत नाही.

आता त्या गाजलेल्या यादीकडे. कंपन्यांचे अहवाल हल्ली माणसांआधी गुंतवणूकदारांची संगणक-प्रणाली वाचते, आणि त्यासाठी सर्रास लॉफ्रन-मॅकडोनाल्ड यादी वापरली जाते. शॉन काओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं की ज्या कंपन्यांचे अहवाल यंत्रं जास्त उतरवून घेतात, त्यांच्या अहवालांत २०११ नंतर नेमके त्या यादीतले शब्द कमी होत गेले. जुन्या, मानसशास्त्राच्या यादीतले नकारात्मक शब्द मात्र तसे घटले नाहीत. अशा कंपन्यांचे अधिकारी फोनवरच्या बैठकीत बोलताना आवाजाचा सूरही यंत्राला रुचेल असा लावतात, असंही त्याच अभ्यासात आढळलं.