टॉवर नाही म्हणजे विमानतळ बंद?

वर्षानुवर्षं फिरणारा एक समज: ज्या छोट्या विमानतळावर कंट्रोल टॉवर नाही आणि रोजची प्रवासी विमानं नाहीत, तो बंद पडलेला असतो.

बाहेरून शुकशुकाट दिसतो, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे. पण टॉवर लागतो तो विमानांची गर्दी आवरायला. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे ५,००० विमानतळ आहेत. टॉवर आहेत त्यातल्या जेमतेम ५०० ठिकाणी. बाकीकडे वैमानिक ठरलेल्या रेडिओ फ्रिक्वेन्सीवर स्वतःच सांगत राहतात: कुठे आहोत, कोणत्या धावपट्टीवर उतरतोय. आसपासचे ऐकतात आणि आपापला क्रम लावतात.

यातले कित्येक विमानतळ दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बांधले गेले आणि नंतर नागरी वापरात आले. आज तिथे वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं, एअर अ‍ॅम्ब्युलन्स उतरते, काही ठिकाणी वणवा विझवणारी विमानं पाणी भरून घेतात. यातल्या कशाचंच वेळापत्रक फलकावर लागत नाही, म्हणून ते नजरेत भरत नाही.

खात्री करायची तर उपग्रह नकाशावर धावपट्टी मोठी करून पाहा. कायमची बंद असेल तर तिच्यावर सहसा मोठी फुली रंगवलेली असते. चालू असेल तर टोकांना आकडे दिसतील, समजा ०९ आणि २७. म्हणजे चुंबकीय दिशा अंदाजे ९० आणि २७० अंश. (तो धावपट्ट्यांचा अनुक्रमांक नव्हे, हाही एक जुना घोळ.) तरी फुली नाही एवढ्यावर विसंबू नका, चित्र जुनं असू शकतं. पक्की माहिती त्या देशाच्या अधिकृत वैमानिकी माहिती-पुस्तिकेत मिळते, आणि बऱ्याच देशांची ती इंटरनेटवर फुकट वाचता येते.