जबडा पोखरणारी आगकाडी

हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याला एक गोळी घेणाऱ्या आजींची दाढ काढायची असली, की डेंटिस्ट आधी विचारतो, ‘‘हाडांची गोळी चालू आहे का?’’ या प्रश्नाचा धागा थेट व्हिक्टोरिया राणीच्या लंडनपर्यंत जातो.

पूर्व लंडनमधल्या बो भागात ब्रायंट अँड मे कंपनीचा आगकाड्यांचा कारखाना होता. काडीच्या गुलात पांढरा फॉस्फरस असे. याच्या रेणूत चार अणू ६० अंशांच्या कोनात आवळलेले असतात. ताण इतका, की ३० अंश सेल्सिअसच्या आसपास तो हवेत आपोआप पेट घेतो. त्याची वाफ वर्षानुवर्षं नाकातोंडात गेली, की दात ठणकायचा, हिरडीतून पू यायचा, आणि मग मेलेल्या हाडाचे तुकडे निघायचे. हाच तो ‘फॉसी जॉ’, म्हणजे फॉस्फरसने पोखरलेला जबडा.

पण जबडाच का? हाड म्हणजे दगड नव्हे. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड विरघळवतात, दुसऱ्या पेशी तिथे नवं भरतात. जबड्यात ही डागडुजी फार जोरात चालते. हाडांच्या गोळीतलं बिसफॉस्फोनेट हाडातल्या कॅल्शियमला चिकटतं आणि जुन्या हाडाबरोबर ऑस्टिओक्लास्टच्या पोटात जातं. तिथे ते फार्नेसिल पायरोफॉस्फेट सिंथेज हे विकर (एन्झाइम) अडवतं. मग काही छोट्या प्रथिनांना मेदाची शेपटी मिळत नाही, ती पेशीपटलाला धरून राहत नाहीत, आणि पेशी लुळी पडते. जुनं हाड तसंच राहतं. मणक्यात हे फायद्याचं. तोंडात मात्र दात काढला की हाड उघडं पडतं, जंतू टपलेलेच असतात, आणि डागडुजी बंद; मग फॉसी जॉसारखंच जबड्याचं हाड मरतं. असे रुग्ण २००३ पासून नोंदले जाऊ लागले. फॉस्फरसच्या वाफेपासून शरीरातच बिसफॉस्फोनेटसारखी रसायनं बनत असावीत, असा एक तर्क आहे. मला तो फार आवडतो, पण सिद्ध झालेला नाही. (हे वाचून आजींनी गोळी बंद करू नये. ठिसूळपणासाठीच्या मात्रेत हा धोका अगदी कमी असतो.)

बिनधोक तांबडा फॉस्फरस तेव्हा उपलब्ध नव्हता, असं समजू नका. तो वापरणाऱ्या स्वीडिश काडीचे हक्क याच कंपनीने १८५५ मध्येच घेतले होते. पण कुठेही घासून पेटणारी पांढऱ्या फॉस्फरसची काडी स्वस्त, आणि खपायची तीच. जून १८८८ मध्ये ॲनी बेझंट यांनी (हो, १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या त्याच) हिशेब छापला : भागधारकांना २० टक्क्यांहून जास्त लाभांश, सोळा वर्षांच्या मुलीला आठवड्याला ४ शिलिंग. बोटं वाचवण्याच्या धडपडीत यंत्रात गुंता झाला म्हणून एकीला १ शिलिंग दंड; वर, बोटांचं राहू दे, यंत्र सांभाळ, ही तंबी. बायका कामाच्या जागीच पाव खायच्या, फॉस्फरससकट.

गंमत म्हणजे त्याच काळात वर्तमानपत्रांत फॉस्फरसच्या टॉनिकच्या जाहिराती यायच्या, थकलेल्या नसांना तरतरी आणणारं म्हणून. सुखवस्तू लोक तेच मूलद्रव्य पैसे मोजून घ्यायचे. ‘ब्रेन टॉनिक’चा धंदा आजही तेजीत आहे.

जुलैत सुमारे १४०० बायका-मुलींनी संप केला आणि जिंकला. दंड रद्द झाले, जेवायला वेगळी खोली मिळाली. पांढरा फॉस्फरस राहिला. रोगी लपवल्याबद्दल १८९८ मध्ये कंपनीला दंड झाला, जेमतेम २५ पौंड. १९०१ मध्ये तिने पांढरा फॉस्फरस वापरणं थांबवलं; ब्रिटनमध्ये कायद्याची बंदी १९१० पासून आली, आणि हिंदुस्थानातला कायदा १९१३ चा.