कडेपासून पाच

भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी काम करतो. मागच्या पावसाळ्यात आमच्या ६० लोखंडी पट्ट्या भंगारात गेल्या. दिवसपाळीच्या फिटरकाकांनी गिऱ्हाइकाचा फोन घेऊन चिठ्ठी लिहून ठेवली होती : ‘भोक ८ मिमी, कडेपासून ५ सोडून.’ काकांचं पाच म्हणजे पाच सूत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे पाच सूत झाले साधारण १६ मिलिमीटर. रात्रपाळीचा मुलगा आयटीआयमध्ये मिलिमीटरवरच शिकलेला, शिवाय त्याच ओळीत आधी ‘मिमी’ लिहिलेलं. त्यानं कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंत पाच मिलिमीटर धरले. सकाळी पाहतो तर भोक आणि कड यांच्यात जेमतेम एक मिलिमीटर लोखंड उरलेलं. बोल्ट आवळला की फाटणारच.

चूक कुणाची यावर दोन दिवस खल चालला. मला दुसरीच गोष्ट खुपत राहिली. चिठ्ठीत काही राहिलंय असं लिहिताना काकांना वाटलं नव्हतं, आणि वाचताना त्या मुलालाही नाही. निरोप दोघांच्या लेखी पुरा होता.

हे असं का होतं, याचा एक साधा प्रयोग १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी आपल्या प्रबंधासाठी केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांची लय टेबलावर बोटांनी वाजवायची, समोरच्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली ३. जेवणाच्या सुट्टीत मी डब्याच्या झाकणावर रोजच्या आरतीची लय वाजवून पाहिली. माझ्या कानात शब्द, टाळ्या, झांजा, सगळं घुमत होतं. समोरच्या चौघांपर्यंत पोचली ती नुसती टकटक. जे आपल्याला ठाऊक आहे ते ठाऊक नसतं तर कसं ऐकू आलं असतं, याची कल्पना मनाला करताच येत नाही. अर्थशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये याला ‘ज्ञानाचा शाप’ असं नाव दिलं. काकांच्या डोक्यात ‘सूत’ वाजत होतं, चिठ्ठीवर उतरला तो नुसता आकडा.

लेखी निरोपात हा शाप आणखी जड होतो. २००५ मध्ये जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि सहकाऱ्यांनी लोकांना काही वाक्यं गंभीरपणे किंवा उपरोधानं कळवायला सांगितली. समोरच्याला आपला सूर ७८ टक्के वेळा तरी कळेल, असं पाठवणाऱ्यांना वाटत होतं. आवाजात तो ७३ टक्के वेळा कळला, ईमेलवर ५६ टक्के. नाणं उडवून ५० टक्के बरोबर येतात. कामाच्या ग्रुपवर ‘बघतो’ एवढंच लिहिणाऱ्यानं हा आकडा लक्षात ठेवावा.

लिहिण्याआधी एककं ठरवून घेतली की भागतं, असं मलाही वाटायचं. नासाच्या ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ची हकिगत वाचली आणि तो समज गेला. हे यान ११ डिसेंबर १९९८ ला मंगळाकडे निघालं. ते बांधलं लॉकहीड मार्टिन कंपनीनं, त्याचा मार्ग सांभाळत होती नासाची जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी. म्हणजे एक पुरवठादार आणि एक गिऱ्हाईक. यान स्थिर ठेवणाऱ्या फिरत्या चाकांचा वेग आवरायला अधूनमधून छोटी इंजिनं थोडा वेळ पेटवावी लागत. दर वेळी यानाला किती धक्का बसला, याचा आकडा कंपनीच्या संगणकप्रणालीतून लॅबोरेटरीकडे जाई. तो न्यूटन-सेकंदात द्यायचा, असं दोघांमधल्या कागदात स्पष्ट लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात तो पौंड-सेकंदात येत होता. दोन्हींत ४.४५ पटींचा फरक. दर धक्का लहानसाच, पण यानाच्या एकाच बाजूला असलेल्या सौर पॅनलमुळे असे धक्के अपेक्षेपेक्षा दहा-चौदा पट जास्त वेळा द्यावे लागत होते.

मला सगळ्यात जास्त चटका लावून जातो तो मधला काळ. पहिले चार महिने या आकड्यांच्या फायली मांडणीतल्या दोषांमुळे वापरताच येत नव्हत्या, तेव्हा इंजिन कधी पेटलं ते कंपनी ईमेलनं कळवायची. एप्रिल १९९९ मध्ये फायली सुरळीत झाल्या आणि आठवड्याभरातच मार्ग आखणाऱ्यांना जाणवलं की आकडे जुळत नाहीत. पुढे पाच महिने हातात होते. पण शंका नोंदवून तिचं उत्तर घेतल्याशिवाय सोडायची नाही, अशी जी रीतसर पद्धत होती, तिच्या वाटेला न जाता माणसं ईमेलवर बोलत राहिली. २३ सप्टेंबरला यान मंगळामागे गेलं ते परत आलंच नाही. ठरलेली उंची होती सुमारे २२६ किलोमीटर, नंतर हिशेब केला तेव्हा निघाली ५७. ऐंशीच्या खाली ते तगणारच नव्हतं. चौकशी मंडळानं कारणांमध्ये गटागटांतला अपुरा संवाद स्पष्ट नोंदवला.

म्हणजे कागद होता, ईमेल होते, शंकाही होती. नव्हता तो उलटा निरोप, म्हणजे मला काय समजलं ते मी तुला सांगतो, हा.

त्याचा उपयोग मोजलेला आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांत पाळी बदलताना निवासी डॉक्टरांनी एकमेकांना रुग्ण सोपवण्याची पद्धत बांधून दिली. तिची शेवटची पायरी : ऐकणाऱ्यानं ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १०,७४० भरती रुग्णांची नोंद होती. उपचारातल्या चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या. पद्धतीत लेखी टिपण आणि प्रशिक्षणही होतं, त्यामुळे सगळं श्रेय एका पायरीला देता येणार नाही. तरी ‘हो, समजलं’ या दोन शब्दांवर माझा विश्वास तेव्हापासून उडाला आहे.

आपल्या रेल्वेला हे फार पूर्वीच उमगलं होतं. फाटकवाल्याला फोनवर गाडीची सूचना मिळते. फाटक बंद केलं की तो नुसतं ‘केलं’ म्हणत नाही, आपल्याजवळच्या छापील तक्त्यातला एक आकडा सांगतो. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. स्टेशनमास्तर तो वहीत लिहितो, मगच सिग्नल देतो. ‘हो’ सवयीनं तोंडातून निघून जातो, आकड्यासाठी मात्र तक्त्याकडे हात न्यावा लागतो.

आमच्याकडे आता रात्रपाळीचा माणूस चिठ्ठी हातात घेऊन काकांसमोर माप मोठ्यानं सांगतो, एककासकट, आणि खडूनं पट्टीवर खूण करून दाखवतो. तीनेक मिनिटं जातात. काकांना सुरुवातीला हा आपल्यावरचा अविश्वास वाटला होता. परवा चिठ्ठी माझी होती : ‘वरच्या बाजूला चॅम्फर’, म्हणजे कडेला तिरका काप. मुलानं पट्टी उचलली, माझ्यासमोर उलटी धरली आणि खालच्या कडेवर खूण केली. मशिनवर ती तशीच लागते, त्याच्यासाठी वरची बाजू तीच.