बंद पडलेल्या सुतारी हत्यारांचे सुटे भाग

उत्पादन थांबलेले रंधे, करवती, हातड्रिल अशी हत्यारे चालती ठेवण्यासाठी त्यांचा तुटलेला वा हरवलेला भाग शोधणे, जुळवणे किंवा नव्याने घडवणे. लाकडी रंध्याला ही अडचण फारशी येत नाही. पाचर मोडली तर सुतार दुसरी तासून घेतो. प्रश्न सुरू झाला लोखंडी रंध्यापासून. लेनर्ड बेली या अमेरिकी कारागिराने आणलेल्या रचनेचे हक्क १८६९ मध्ये स्टॅन्ली कंपनीकडे गेले आणि रंधा हे फ्रॉग (पाते ज्यावर टेकते तो तिरपा आधार), लिव्हर कॅप (पाते दाबून धरणारे झाकण), चिपब्रेकर (पात्यावर स्क्रूने बसणारी पट्टी), पात्याची खोली लावायची पितळी चकती अशा सुट्या भागांचे यंत्र झाले. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीसह अनेकांनी हाच नमुना उचलला. म्हणूनच एका कंपनीचा भाग दुसरीच्या रंध्याला कधी बसतो, कधी बसता बसता राहतो.

रंध्याच्या नुसत्या नमुना-क्रमांकावर भाग मागवणे ही नवख्याची नेहमीची चूक. क्रमांकावरून पात्याची रुंदी कळते: ४ आणि ५ ला २ इंच, ७ ला २ ३/८, ८ ला २ ५/८. पण तोच क्रमांक अनेक दशके विकला गेला आणि आतली घडण बदलत राहिली. फ्रॉगमागे रंध्याच्या लोखंडी ठोकळ्यावर १९०२ ची पेटंट-तारीख ओतलेली असेल, तर त्याआधीच्या घडणीचा फ्रॉग त्या बैठकीवर बसेल असे धरून चालू नये. लिव्हर कॅपचे भोक चावीच्या भोकासारखे की मूत्रपिंडाच्या आकाराचे, हेही पाहावे. दुसरा आकार १९३३ पासूनचा. कॅप मात्र दोन्ही चालतात, तिथे काळाचा हट्ट फक्त संग्राहकाचा.

खरी मेख आट्यांत आहे. स्टॅन्लीच्या लिव्हर कॅपचा स्क्रू ९/३२ इंच जाडीचा, इंचाला २४ आट्यांचा. बाजारातला १/४ इंची स्क्रू त्या भोकात डुगडुगतो, ५/१६ इंची शिरतच नाही. ७ मिलिमीटरचा स्क्रू फसवतो: थोडा आत जातो, मग पिच (दोन आट्यांमधले अंतर) न जुळल्याने अडतो. तिथे पान्याने जोर लावला की फ्रॉगमधले जुने आटे गेलेच. मुठींच्या सळ्यांना १२ क्रमांकाच्या स्क्रूच्या जाडीचे, इंचाला २० आटे असतात. चिपब्रेकरचा स्क्रू तेवढा नेहमीच्या मापाचा, ५/१६ इंच आणि १८ आटे. पितळी चकतीचे आटे डावे असतात, त्यामुळे नेहमीच्या दिशेने फिरवून काढू गेले तर ती उलटी आवळली जाते.

सर्वांत भरवशाचा साठा म्हणजे त्याच नमुन्याचा दुसरा मोडका रंधा. तोंडापाशी तडा गेलेला ठोकळा निकामी झाला तरी बाकीचे सगळे उपयोगी पडते. उलट चांगले हत्यार फोडून भाग विकण्याची चाल तोट्याची. स्टॅन्ली ४५ या जोडरंध्याची पाती आणि आखूड सळ्या अशा वेगळ्या झाल्या की मागे उरलेला सांगाडा कुणाच्याच कामाचा राहत नाही.

नवे जाड पाते घेतले तर दोन गोष्टी मोजाव्या लागतात. रंध्याचे तोंड कानशीने थोडे उघडावे लागू शकते. शिवाय खोली बदलणाऱ्या दुबेळक्याचे टोक चिपब्रेकरच्या खाचेपर्यंत पोचले पाहिजे. पोचले नाही तर चकती फिरते आणि पाते जागचे हलत नाही.

जुन्या करवतीच्या मुठीतली दोन चिरांची पितळी नटे साध्या स्क्रूड्रायव्हरने निघत नाहीत. टाकाऊ स्क्रूड्रायव्हरच्या पात्यात मधोमध खाच पाडली, की दोन दात दोन चिरांत बसतात. मुठीचे मोडलेले शिंग त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा चिकटवून तासता येते.

ओतीव भागाची नक्कल अवघड. मूळ भागच पॅटर्न म्हणून, म्हणजे साचा पाडायचा नमुना म्हणून वापरला, तर लोखंड थंड होताना सुमारे १ टक्का आकसते आणि नक्कल मूळापेक्षा लहान निघते. ५० मिलिमीटर रुंदीत हा फरक अर्धा मिलिमीटर. लिव्हर कॅपला तो चालून जातो, फ्रॉगच्या बैठकीला नाही.