काप खुणेवरच बसावा म्हणून: कंट्रोल बॉक्सच्या नव्या कर्नलविषयी

इंदूरच्या सांवेर रोड, पालदा, पोलोग्राउंड भागांत ज्यांच्या पाउच पॅकिंग मशीनवर आमचे कंट्रोल बॉक्स बसले आहेत, त्यांच्यासाठी हे पत्रक. ऑपरेटरांसाठी हिंदी पत्रक वेगळे दिले आहे. मालक आणि मेंटेनन्स पाहणाऱ्यांसाठी इथे थोडे सविस्तर लिहितो आहोत, कारण बदल डोळ्यांना दिसणारा नाही आणि त्यासाठी मशीन अर्धा दिवस बंद ठेवावी लागेल.

तक्रार तुमच्या ओळखीची आहे. लौंग शेवेच्या एका पाउचवर वरची पट्टी रुंद येते, तर दुसऱ्यावर कटर छापलेल्या नावाला चाटून जातो. रोल एकच, मिनिटही एकच. आम्ही बरेच दिवस रोलरच्या घसरणीला आणि फिल्मच्या ताणाला दोष देत राहिलो, काहींना रबरी रोलर बदलायलाही सांगितले. दोष आमच्या बॉक्समध्ये होता. ज्यांना तो खर्च पडला त्यांची आम्ही मनापासून क्षमा मागतो. ती रक्कम पुढच्या सर्व्हिसच्या बिलातून वजा होईल.

झाले असे. सेन्सरला फिल्मवरची काळी खूण दिसली की बॉक्स ठरावीक मिलिसेकंद मोजतो आणि फिल्म थांबवतो. हे मोजण्याचे काम लिनक्सचे कर्नल, म्हणजे बॉक्समधल्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, करते. जुन्या बॉक्समध्ये ते सेकंदाला २५० वेळा, म्हणजे दर ४ मिलिसेकंदांनी, कोणाची वेळ भरली ते पाहत असे. अशा प्रत्येक पाहण्याला टिक म्हणतात. लग्नघरातले घटिकापात्र आठवा. वाटी बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली. वाटी बुडेल तेव्हाच सांगायचे असे ठरले, तर मधला मुहूर्त भटजींना पुढच्या बुडण्यालाच कळणार. आमच्या टायमरचे तसेच होत होते. फिल्म सेकंदाला ३०० मिलिमीटर वेगाने ओढली जात असेल, तर ४ मिलिसेकंदांत ती १.२ मिलिमीटर पुढे सरकते.

उशीर दर वेळी सारखा असता तर काही बिघडले नसते, स्क्रीनवर खूण तेवढी मागे घेतली की झाले. पण खूण दोन टिकांच्या मध्ये कुठे सापडेल याचा नेम नाही. कधी उशीर शून्य, कधी जवळजवळ पूर्ण ४ मिलिसेकंद. अशी चूक सेटिंगने जात नाही, आणि म्हणूनच तुमचे ऑपरेटर दिवसभर बटणे दाबत बसायचे.

टिका वाढवून पाहा, असे काहींनी सुचवले. सेकंदाला १००० केल्या तरी १ मिलिसेकंदाचा फरक उरतोच, आणि त्याहून वाढवत गेलो तर प्रोसेसर विनाकारण जागा होत राहतो. खरा उपाय वेगळा आहे. पुढचे काम नेमके केव्हा आहे ते कर्नल हार्डवेअरच्या टायमरला सांगते आणि टायमर त्याच क्षणी उठवतो. लिनक्समध्ये या उच्च-रिझोल्यूशन टायमरांचा पाया २००६ साली २.६.१६ आवृत्तीत आला. आम्ही ते चालू करायला इतकी वर्षे लावली, हे आम्हाला लागले आहे. आमच्या प्रोसेसरचा काउंटर २४ मेगाहर्ट्झचा, म्हणजे एक मोजणी सुमारे ४२ नॅनोसेकंदांची.

पण बारीक मोजता येणे वेगळे आणि वेळेवर उठणे वेगळे. टायमर वाजला तेव्हा कर्नल दुसऱ्याच कामात अडकलेले असेल तर काप चुकतोच. म्हणून नवी आवृत्ती ६.१२ कर्नलवर आहे. सुमारे वीस वर्षे वेगळे ठेवलेले रिअल-टाइमचे, म्हणजे तातडीच्या कामासाठी कर्नलने हातातले काम लगेच सोडावे यासाठीचे, काम २०२४ मध्ये याच आवृत्तीत मुख्य लिनक्समध्ये आले. शिवाय साध्या प्रोग्रॅमला कर्नल एरवी ५० मायक्रोसेकंदांची ढील देते, ती रिअल-टाइम प्राधान्य असलेल्या आमच्या कटरच्या प्रोग्रॅमला लागू होत नाही.

प्रोग्रॅममधली एक चूकही सुधारली. प्रत्येक पाउचनंतर तो "आतापासून १ सेकंद थांब" म्हणत असे. मधल्या कामाला ३ मिलिसेकंद लागले, तर तासाभराच्या ३६०० पाउचांत जवळजवळ ११ सेकंद मागे पडतात. आता तो घड्याळातली पुढची नेमकी वेळ सांगून झोपतो.

प्रत्येक बॉक्स आम्ही मुद्दाम भार टाकून रात्रभर तपासतो आणि सर्वांत जास्त झालेला उशीर झाकणाच्या आतल्या चिठ्ठीवर लिहितो. सरासरी लिहीत नाही, कारण वाया जाणारा पाउच सरासरीने कापलेला नसतो.

पाउचवर छापली जाणारी तारीख-वेळ मात्र याने सुधारणार नाही. ती स्फटिकाच्या घड्याळावर चालते. दहा लाखांत २० भागांचा फरक असला तरी दिवसाला १.७ सेकंद जातात, आणि मे महिन्यात सीलिंग हीटरशेजारी तापलेल्या बॉक्समध्ये ते आणखी मागे पडते. इंटरनेट नसेल तर आठवड्यातून एकदा वेळ मिळवून घ्या.

अपडेटनंतर पहिल्या रोलवर काप थोडा सरकलेला दिसेल, घाबरू नका. ऑपरेटरने सरासरी २ मिलिसेकंदांचा उशीर धरून खूण सुमारे ०.६ मिलिमीटर मागे घेतलेली असते, आणि तो उशीर आता उरलेला नाही. खुणेचे सेटिंग नव्याने करा, आणि जुने कागदावर लिहून ठेवा. आमचा माणूस येण्याआधी सलग कापलेले दहा पाउच बाजूला काढून ठेवा. अपडेटनंतर त्याच रोलचे दहा पाउच कापून तुमच्यासमोर पट्टीने मोजू.