वॉर्प स्टॅबिलायझर आणि स्टॅबिलाइझ मोशन: स्थिर काय, हे कोण ठरवतं?

गोदावरीला पूर आला की नाशिककर विसर्गाचे आकडे नंतर विचारतात. आधी विचारतात, पाणी दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे गोदाकाठच्या त्या उंच मूर्तीच्या, कुठपर्यंत आलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, की छातीपर्यंत? मारुती जागचा हलत नाही, म्हणून पाणी किती चढलं ते कळतं. आफ्टर इफेक्ट्स या अडोबीच्या व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये हलणारा शॉट स्थिर करायला बसलेली बहुतेक माणसं नेमकं हेच ठरवायचं विसरतात, की या फ्रेममधला मारुती कोण.

दर पावसाळ्यात तोच प्रश्न येतो. गोदाघाटावरून मोबाइलवर पुराचा शॉट घेतला, वॉर्प स्टॅबिलायझर (शॉट आपोआप स्थिर करणारा इफेक्ट) लावला आणि आता काठावरची देवळं डोलतायत, सॉफ्टवेअरमध्ये बग आहे का? बग नाही. चुकीचं हत्यार हातात आहे, किंवा योग्य हत्याराला चुकीच्या गोष्टीवर सोडलंय.

वॉर्प लावणं सोपं आहे. इफेक्ट टाकायचा, निळी पट्टी येते, मग नारिंगी, आणि शॉट मऊ होतो. २०११ साली सॉफ्टवेअरच्या सीएस ५.५ आवृत्तीत तो आला आणि त्या आधीचं, हाताने खूण दाखवून शॉट स्थिर करायचं स्टॅबिलाइझ मोशन लोकांनी अडगळीत टाकलं. ते अजून ट्रॅकर पॅनेलमध्ये आहे. त्यात तुम्ही लेअर पॅनेलमध्ये एका खुणेवर दोन चौकटी बसवता: आतली चौकट ती खूण ओळखते, बाहेरची पुढच्या फ्रेममध्ये ती कुठे शोधायची ते सांगते. शेजारचं ट्रॅक मोशन हे वेगळं काम, तिथे दुसरी वस्तू त्या खुणेला चिकटवतात. एवढं पुरे.

खरा फरक पुढे आहे. वॉर्प फ्रेमभर शेकडो बिंदू पकडतो आणि त्यांच्या हालचालीवरून कॅमेरा कसा हलला असेल याचा अंदाज बांधतो. पुराच्या शॉटमध्ये फ्रेमचा बराच भाग गढूळ पाण्याचा. फेस, ओंडके, भोवरे, सगळ्यांवर बिंदू बसतात आणि पाणी एका दिशेला वाहतं ते वॉर्पला कॅमेऱ्याची चाल वाटू शकतं. मग तो पाण्याला थांबवायला जातो आणि देऊळ उलट्या बाजूला सरकतं. रंगपंचमीची रहाड (रंगाच्या पाण्याचा हौद) असो की ढोलपथक, माणसांनी फ्रेम भरली की हेच होतं. शिवाय वॉर्पची आपोआप निवडलेली पद्धत असते सबस्पेस वॉर्प. ती फ्रेमचे वेगवेगळे भाग वेगवेगळे ताणते. दगडी शिखर जेलीसारखं हलतं ते त्यामुळे.

स्टॅबिलाइझ मोशन काहीही अंदाज बांधत नाही. तुम्ही शिखरावरच्या कळसावर चौकट ठेवली, तर कळस स्थिर. बाकी जग त्याच्याभोवती हलेल. पोझिशनसाठी एक खूण पुरते, रोटेशन किंवा स्केलसाठी दोन लागतात, आणि त्या एकमेकींपासून लांब घ्या. अप्लाय केल्यावर पोझिशनसाठीच्या की-फ्रेम (फ्रेमगणिक नोंदलेल्या किमती) त्याच लेअरच्या अँकर पॉइंटवर, म्हणजे आधारबिंदूवर, पडतात. म्हणून नंतर अँकर पॉइंटला हात लावू नका. फ्रेम सरकवायची तर पोझिशन वापरा. मध्येच कुणाची छत्री आडवी आली आणि चौकट तिच्यामागे पळाली, तर जिथे सुटली त्या फ्रेमवर परत या, चौकट नीट बसवा आणि तिथून पुढे पुन्हा ट्रॅक करा. सगळं पहिल्यापासून करायची गरज नसते.

मग वॉर्प कधी? चालत घेतलेला शॉट असेल तेव्हा. पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना एकच खूण शेवटपर्यंत फ्रेममध्ये राहत नाही, जवळच्या आणि लांबच्या वस्तू वेगवेगळ्या वेगाने सरकतात. तिथे स्टॅबिलाइझ मोशनचा उपयोग नाही. पण तिथेही स्मूदनेस (हालचाल किती मऊ करायची ते) ५० वरून १० वर आणा आणि मग गरजेपुरता वाढवा. थरथर जात नाही म्हणून थेट २०० करणाऱ्यांचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण रिकाम्या कडा झाकायला चित्र मोठं करणारं ऑटो-स्केलही वाढतं. १९२० बाय १०८० चा शॉट १२० टक्क्यांवर गेला की तुमच्या हातात मूळचं १६०० बाय ९०० च उरतं. रिकाम्या कडा मागच्या-पुढच्या फ्रेममधून भरणारं सिंथेसाइझ एजेस मी वापरत नाही. गर्दीच्या कडेला ते नसलेली माणसं रंगवतं.

वॉर्पच हवा आणि देऊळ तरीही डोलतंय, तर आधी पद्धत सबस्पेसवरून पोझिशन, स्केल, रोटेशनवर आणा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. नाही मिटली तर अ‍ॅडव्हान्स्डमध्ये ट्रॅक पॉइंट दाखवायला सांगा, पाण्यावरचे आणि माणसांवरचे बिंदू घेरून डिलीट करा, दगडावरचे ठेवा. म्हणजे मारुती कोण, ते तुम्ही वॉर्पला सांगितलं. हे बटण इतक्या कमी लोकांनी उघडलंय याची खंत वाटते.

प्रीमियर या अडोबीच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्येही वॉर्प आहे. तिथे क्लिप आणि सीक्वेन्सचं माप जुळत नाही, किंवा स्पीड बदललेल्या क्लिपवर वॉर्प चालत नाही, अशी पट्टी आली तर क्लिप नेस्ट करा, म्हणजे तिचा वेगळा सीक्वेन्स करून तो आत ठेवा. विषय संपला.

एक तक्रार मात्र दोन्ही हत्यारांच्या पलीकडची आहे. शॉट स्थिर झाला, पण कळस मधूनच धूसर होतो. तो धूसरपणा हात हलताना शटर उघडं होतं म्हणून चित्रातच उमटलाय. हलणं काढलं की तो उघडा पडतो, जात नाही. रामकुंडावर संध्याकाळच्या आरतीला प्रकाश कमी, शटर सावकाश, म्हणून तिथे हे सर्वांत जास्त दिसतं. त्या वेळी मोबाइल घाटाच्या कठड्यावर टेकवा. दिवसा, सेकंदाला २५ फ्रेमवर शूट करताना, शॉट नंतर स्थिर करायचाय हे आधीच माहीत असेल, तर शटर १/५० सेकंद न ठेवता १/१०० किंवा त्याहून वेगवान ठेवा.