जुन्या एमटीबीचं चाक हलकं करायचंय? मग आधी वजन नेमकं कुठे आहे ते बघा

माझा मामा बोटीवर होता. १९९१ साली त्याने एक जपानी माउंटन बाइक (म्हणजेच एमटीबी) आणली, क्रोमोली स्टीलची फ्रेम, २६ इंची चाकं, मागे सात गिअर. आता ती गोव्यात सांखळीला माझ्याकडे आहे. फ्रेम अजून ठणठणीत आहे, पण मूळचे रिम कधीतरी वाकले आणि तेव्हा जे मिळाले ते स्टीलचे रिम घातले गेले, आणि मग सायकल अशी जड झाली की चढावर मागून कोणीतरी कॅरिअर धरून ठेवलंय असं वाटायचं. यंदा चतुर्थी झाल्यावर चाकं बदलायला घेतली आणि त्या निमित्ताने बरंच वजन-माप, गणित केलं, ते सगळं इथे लिहितोय.

सायकलवाल्यांमध्ये एक वाक्य नेहमी ऐकू येतं, "चाकाचं वजन दुप्पट धरायचं." हे खरं आहे पण अर्धंच. घरीच करून बघा. पाट थोडा कलता ठेवा आणि वरून एक बांगडी आणि कॅरमचा स्ट्रायकर एकदम सोडा, दोन्ही उभे, कडेवर घरंगळत जातील असे. स्ट्रायकर दरवेळी आधी खाली पोचतो. बांगडी लहान घ्या, मोठी घ्या, जड घ्या, काही फरक पडत नाही, कारण बांगडीचं सगळं वजन कडेला असतं आणि स्ट्रायकरचं मध्यापासून कडेपर्यंत पसरलेलं. कडेच्या वजनाला पुढेही न्यायचं असतं आणि गोलही फिरवायचं असतं, म्हणजे ताकद दोनदा लागते.

सायकलचं चाक बरंचसं बांगडीसारखंच. टायर-ट्यूब अगदी बाहेर असल्यामुळे त्यातला १ ग्रॅम वेग घेताना जवळजवळ २ ग्रॅमसारखा वागतो, रिम थोडा आत असतो म्हणून त्याचा १ ग्रॅम साधारण १.७ ग्रॅमसारखा, आणि मधल्या हबचा (जिथून तारा निघतात तो भाग) १ ग्रॅम हा १ ग्रॅमच. म्हणून महागडा हलका हब घेऊन त्यावर ८०० ग्रॅमचा टायर चढवणं मला अजिबात पटत नाही, पैसे कडेपासून आत असे खर्च करत यावं.

मासळी तोलायच्या लटकत्या काट्यावर मी सगळे भाग वेगळे करून तोलले. स्टीलचा रिम ९३० ग्रॅम भरला, नवा अ‍ॅल्युमिनियमचा ४८०. अ‍ॅल्युमिनियमची घनता स्टीलच्या साधारण एक तृतीयांश आहे, मग वजन पण तेवढंच का उतरत नाही? तर अ‍ॅल्युमिनियम लवचीकही तेवढंच जास्त असतं, म्हणून रिमला आतून पोकळ, दोन भिंतींचा पेटीसारखा आकार देतात, त्या आकारातून ताठपणा परत येतो पण धातू जरा जास्त लागतो. टायर ८२० वरून ५८० वर आला (तारेच्या कडेऐवजी घडी घालता येणारी कडा असलेला घेतला), ट्यूब २१० वरून १४० वर. दोन्ही चाकांचं मिळून कडेचं दीड किलो गेलं, आणि तारा-हबमधले साधारण २०० ग्रॅम.

आता हे १.७ किलो प्रत्यक्षात किती कामाला येतात? मी, सायकल आणि पाणी मिळून ८६ किलो. सिग्नलवरून सुटताना फिरत्या वजनाचा हिशोब धरूनही फायदा तीनएक टक्क्यांचा. आणि एकसारख्या वेगाने चढ चढताना तर ते दुप्पटचं प्रकरण लागूच होत नाही, तिथे ग्रॅम म्हणजे ग्रॅम. सत्तरीतल्या केरीहून (पेडण्यातलं केरी नव्हे) चोर्ला घाट चढायचा म्हणजे साधारण ७०० मीटर उंची धरली, तर १.७ किलो तेवढं वर न्यायला सुमारे १२ किलोज्यूल काम लागतं, शरीराची कार्यक्षमता २५ टक्क्यांच्या आसपास धरली तर ११ किलोकॅलरी झाल्या, म्हणजे चहातल्या एका चमचा साखरेहून कमी! वेळ म्हणाल तर दीड तासाच्या चढावर दीडेक मिनिट वाचेल.

मग नव्या चाकांवर सायकल एवढी वेगळी का वाटते? माझं मत असं की श्रेय वजनाला जातं पण निम्मं काम टायरचं रबर करतं. चाक फिरताना टायर जमिनीला टेकतो तिथे सतत चेपतो आणि परत फुगतो, जाड कडक टायरमध्ये त्या चेपण्यात जास्त ऊर्जा उष्णता होऊन जाते. पातळ आणि लवचीक कडांचा टायर हे नुकसान कमी करतो आणि ते सपाटीवर, चढावर, सगळीकडे जाणवतं. बाकीचं काम हँडलचं, पुढचं चाक हलकं असलं की खड्ड्यावरून उचलायला, वळवायला सोपं जातं, आणि आपल्याकडचे स्पीडब्रेकर बघता ते काही थोडं नाही.

पण मला स्टीलचा रिम काढायला लावणारं खरं कारण पाऊस आहे. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि क्रोम केलेल्या गुळगुळीत रिमवर पाण्याचा थर बसला की ब्रेकचं रबर नुसतं सरकत राहतं, दाबलं तरी चाकाचे काही फेरे होऊन जातात आणि मग कुठे पकड येते. अ‍ॅल्युमिनियमवर ही पकड खूप लवकर येते. घाट उतरताना माझा जीव या एका गोष्टीवर अवलंबून असतो, त्यामुळे वजन एक ग्रॅमही कमी झालं नसतं तरी मी रिम बदललेच असते.

खरेदी करताना "२६ इंच" एवढ्यावर विसंबू नका. टायरच्या कडेला बारीक अक्षरात ५०-५५९ असा आकडा असतो, त्यातला ५५९ महत्त्वाचा, टायर रिमवर बसतो त्या जागेचा व्यास मिलिमीटरमध्ये. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या जाड टायरच्या श्विन सायकली डोंगरावरून खाली सोडायची, तेच माप पुढे १९८१ च्या स्पेशलाइज्ड स्टंपजंपरमध्ये आणि मग सगळ्या एमटीबींमध्ये आलं. पण २६ इंच म्हणून विकला जाणारा ५९० चा टायरही असतो आणि तो बसणार नाही. २७.५ इंची म्हणजे ५८४, त्याचा रिम या फ्रेममध्ये घातला तर ब्रेकचं रबर १२ मिलिमीटर खाली टेकेल. आणि डिस्कब्रेकचे रिम कितीही स्वस्त मिळोत, त्यांना ब्रेक घासायची सपाट पट्टीच नसते.

मागचं माप पण घ्या. फ्रेममध्ये हब बसतो तिथली आतली रुंदी माझ्या सायकलला १३० मिलिमीटर आहे, नवे हब १३५ चे. स्टीलची फ्रेम हाताने दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच मिलिमीटर फाकवून बसवता येते, अ‍ॅल्युमिनियमची असेल तर हा प्रयोग करू नका. सात गिअरचा कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) आठ-नऊ गिअरच्या शिमानो हबवर चालतो, मागे साडेचार मिलिमीटरची चकती घातली की झालं.

तारा ३२ च घेतल्या, मधे बारीक आणि टोकांना जाड असलेल्या. वजन ६० ग्रॅमच वाचतं, पण मधला बारीक भाग थोडा ताणला जातो आणि खड्ड्याचा झटका एकाच तारेवर न येता शेजारच्या तारांमध्ये वाटला जातो, त्यामुळे तारा वाकाजवळ कमी तुटतात. निपल (तार रिमला घट्ट धरणारा बारीक नट) मात्र पितळीच. अ‍ॅल्युमिनियमचे निपल आणखी काही ग्रॅम वाचवतात, पण मी आठवड्यातून तीनदा फेरीबोटीने सायकल नेतो, मिरामारच्या समुद्रकिनारी जातो, आणि खारट ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम स्टेनलेस तारेला टेकलं की दोन धातूंमध्ये बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. दोन पावसाळ्यांनी चाकाचा आउट काढायला (तारा पिळून ते सरळ करायला) जावं तर निपल फिरवतानाच तुटतो.

खाणपट्ट्यातल्या लाल धुळीचंही एक बघा, ती ब्रेकच्या रबरात रुतली की सँडपेपरसारखी रिम घासते. आठवड्याने एकदा रबर पुसा आणि रिमच्या पट्टीवर स्टीलची फूटपट्टी उभी धरा, मधे फट दिसायला लागली म्हणजे भिंत पातळ होत चाललीय. नवीन चाकाच्या तारा पहिल्या १०० किलोमीटरमध्ये जागेवर बसतात आणि थोड्या सैल होतात, तेव्हा परत एकदा आउट काढून घ्या. माझा पुढच्या रविवारी आहे, मग चोर्ला.